त्या पोरीला कुणीतरी सांगा

वासंतीबाई दातारांनी उभी हयात कसबा पेठेतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. समोर आलेलं उत्तर एकतर बरोबर असायचं, नाहीतर चूक. निवृत्तीनंतर नवऱ्याच्या आजारपणानं मात्र त्यांना अशा जागी आणून सोडलं, की जे घडतंय त्याचा आनंद मानावा की रडावं, हेच उमजेना.

नवरा, गोपाळकृष्ण, नगररचना खात्यात नकाशे काढायचे. हात सरळ आणि जीभ तिरकी. आमटी अळणी झाली तर ‘मीठ कमी पडलंय’ असं कधी म्हणाले नाहीत. ‘मीठ महागलंय का?’ एवढंच विचारायचे. वासंतीबाई संध्याकाळी मालिका लावून बसल्या, की पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “या घरात रडायला माणसं कमी आहेत का, म्हणून बाहेरची आणायची?” माणूस वाईट नव्हता. पगार घरात द्यायचा, कुणाचं अडलं तर धावून जायचा. पण बायकोला कधी ‘दमलीस का’ म्हणून विचारणं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग एकदा ते कोपऱ्यावर पेपर आणायला गेले आणि फडके हौदाच्या चौकात उभं राहून लोकांना स्वतःच्याच घराचा पत्ता विचारू लागले. ओळखीच्या भाजीवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. हळूहळू नावं गेली, वार गेले, आंघोळ झाली की नाही तेही जाऊ लागलं. दुपारी तर ते घरभर येरझाऱ्या घालायचे आणि दाराची कडी काढायला बघायचे.

त्या येरझाऱ्या थांबवल्या त्यांच्या मुलीनं, कादंबरीनं. ही एकुलती एक. खराडीच्या एका आयटी कंपनीत होती आणि बाबांसाठी आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करायची. एका दुपारी तिनं सहज म्हणून टीव्हीवर एक चिनी मालिका लावून दिली, हिंदीत बोलणारी. पावसाळी डोंगरांच्या गावातली एक मुलगी मोठ्या शहरात नोकरीला येते, तिथे तिला एक अबोल तरुण भेटतो, आणि दोघं पुष्कळ वेळ एकमेकांकडे नुसतेच बघतात. गोपाळकृष्ण आले, उभे राहिले, मग बसले. भाग संपला तरी उठले नाहीत.

वासंतीबाईंना ती माणसं वेगवेगळी ओळखायलाच आधी जड गेलं. नावं तर कानात राहीनात. आणि ज्यांना कालचं जेवण आठवत नव्हतं, त्या गोपाळकृष्णांना मात्र ती पोरगी का रुसली, हे अचूक ठाऊक असायचं. तिच्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. वासंतीबाई पदर हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे पुसावेत की राहू द्यावेत?

त्याच सुमारास ते बायकोला ‘अहो’ म्हणू लागले. चहा दिला की म्हणायचे, “तुम्ही घेतलात का?” त्या केर काढत असल्या की पाय वर घ्यायचे आणि म्हणायचे, “राहू द्या, दमला असाल.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वासंतीबाईंनी मागे कुणी आलंय का ते वळून पाहिलं. हे त्या चिनी तरुणाचं बोलणं ऐकून शिकले, की आपण कोण हेच विसरल्यामुळे परक्या बाईशी बोलावं तसं बोलतायत? दुसरंच खरं असणार, हे त्यांना कळत होतं. तरी चहाची वेळ जवळ आली की त्या केसांवरून हात फिरवायच्या, आणि मग स्वतःचीच लाज वाटून स्वयंपाकघरात जायच्या.

एका दुपारी भाग चालू असताना गोपाळकृष्ण त्यांच्याकडे वळून म्हणाले, “आमच्याकडेही एक आहे. शाळेत शिकवते.”

“हो का?”

“फार राबते. मी कधी काही बोललो नाही तिला.”

“मग बोला की आता.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “यायला हवी होती एव्हाना,” ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

मी आलेय, असं म्हणायला वासंतीबाईंचं तोंड उघडलं होतं. पण तसं म्हटल्यावर ते ‘तुम्ही कोण’ म्हणाले असते तर? त्याही पडद्याकडे बघू लागल्या. त्या रागावल्या होत्या की सुखावल्या होत्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

पुढे मालिकेतल्या त्या मुलीनं आईच्या आजारामुळे लग्नाला नकार दिला. खरं कारण तिनं तरुणाला सांगितलंच नाही. माझं तुझ्यावर प्रेम नाही, एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढून गेली. गोपाळकृष्णांचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कादंबरी पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. टीव्ही बंद होता. गोपाळकृष्ण ताटलीकडे बघत, अगदी जुन्या, कोरड्या आवाजात म्हणाले, “त्या पोरीला कुणीतरी सांगा. घरातलं माणूस आजारी पडलंय, ते काही तिनं लग्न मोडावं म्हणून पडलेलं नाही. आजारी माणसाला विचारलं होतं का तिनं?”

कादंबरीनं ताटली खाली ठेवली. “कुठली पोरगी, बाबा?”

त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तीच ती,” म्हणाले. आणि लगेच वासंतीबाईंना, “तुम्ही घेतलेत का पोहे?”

कादंबरी आत गेली. वासंतीबाई मागोमाग गेल्या तर ती ओट्याला टेकून रडत होती. तेव्हा सगळं बाहेर आलं. आनंद नावाचा एक मुलगा होता, तिच्याच कंपनीतला. मूळचा यवतमाळचा, राहायला वाघोलीला. बरेच दिवस लग्नाचं विचारत होता. हिनं त्याला सांगून टाकलं होतं की तिच्या मनात तसं काही नाही. खरं कारण बाबा. आईला एकटीला यात टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“तू सांगितलंस का बाबांना?” तिनं विचारलं.

“मला माहीत असतं तर सांगितलं असतं ना.”

मग दोघींना आठवलं, की आनंदशी फोनवर बोलायला कादंबरी बाल्कनीत जायची, आणि बाबा तिथेच खुर्चीत बसलेले असायचे. त्यांना काय कळतंय, असं धरूनच ती बोलायची. दोघी बाहेर आल्या आणि कादंबरीनं त्यांच्यासमोर बसून हळूच विचारलं, “बाबा, मी लग्न करू?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पोहे छान झालेत.”

फोनवरचं ते बोलणं यांच्या लक्षात राहिलं असेल का, असं वासंतीबाईंनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, आणि नसेलही झालं. हे काय उत्तर झालं, असं त्या बाहेर येऊन कादंबरीला म्हणाल्या.

कादंबरीनं आनंदला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो आला तेव्हा गोपाळकृष्णांनी, मीटर बघायला आलात का, म्हणून विचारलं. आनंद म्हणाला, हो, पण आधी जरा बसतो. आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी मालिका बघत बसला. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. तिथे गोपाळकृष्णांनी हसतमुखानं सगळ्यांना नमस्कार केले आणि निघताना वासंतीबाईंना कुणाचं लग्न होतं ते विचारलं. जोडप्यानं जवळच, चालत येण्याच्या अंतरावर जागा घेतली. आता कादंबरी आणि आनंद आळीपाळीनं दुपारी येतात, आणि वासंतीबाईंना कधी नव्हे ते मैत्रिणींकडे जायला मिळतं. एकदा घरून निघताना त्यांनी कादंबरीला विचारलं, बाबा त्या चिनी मुलीबद्दलच बोलत होते असं उद्या कळलं, तर? कादंबरी म्हणाली, माहीत नाही, आई.

मालिकेचे शेवटचे भाग हिंदीत आलेच नाहीत. गोपाळकृष्ण ते चिनीतच बघतात. खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात, ती वासंतीबाईंच्या डोळ्यांना पकडता येत नाहीत. मग तेच त्यांना समजावून सांगतात. परवा पडद्यावर पांढऱ्या फुलांमध्ये त्या आईचा काळी फीत बांधलेला फोटो ठेवलेला दिसत होता आणि मुलगी त्यापुढे वाकत होती.

“काय झालं हो?” वासंतीबाईंनी विचारलं.

“बरी झाली आई तिची,” गोपाळकृष्ण म्हणाले. “घरी आणतायत.”

वासंतीबाईंनी एकदा पडद्याकडे आणि एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली आणि म्हणाल्या, “बरं झालं. पुढे सांगा.”