अडवून ठेवलेलं रिचार्ज

पडदा वर जातो. हवानातल्या एका इमारतीचा तिसरा मजला, भर दुपार, बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्या आड मोडक्या आरामखुर्चीत मोबाइल घेऊन बसलेला एवेलियो. एकेचाळीस वर्षं त्याने नाट्यगृहाचा पडदा ओढला. मोठमोठे नट चुकले, एवेलियो कधी चुकला नाही.

आता सगळी इमारत त्याच्यावर विसंबून होती. परदेशी गेलेली मुलं एवेलियोच्या खात्यात क्रिप्टो पाठवायची आणि तो एका वेबसाइटवर त्या पैशांतून कार्डं विकत घ्यायचा. कुणाला किराणा दुकानाचं गिफ्ट कार्ड, कुणाला फोनचं प्रीपेड रिचार्ज. कार्डाचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यायचा. मोबदला म्हणजे कपभर कॉफी.

मंगळवारी माँटेव्हिडिओहून योएलचे पैसे आले. पहिल्या मजल्यावरच्या नेरेइदाचा हा मुलगा. पैसे आईच्या रिचार्जसाठी होते. पण फोन कंपनीच्या सवलतीत येत्या सोमवारपासून परदेशातल्या पैशांनी केलेलं रिचार्ज दुप्पट मिळणार होतं. तोवर थांबावं, रिचार्ज आपल्या फोनवर घ्यावं, नेरेइदाचं तिला द्यावं, वरचं आपल्याला राहील, बेसबॉलचे सामने बघता येतील, असं त्याने मनाशी ठरवलं. तिला सांगितलं, पैसे अजून पोहोचले नाहीत.

ती रोज वर यायची.

"तुझ्या त्या न दिसणाऱ्या पैशांचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखतात वाटतं," ती म्हणायची. एवेलियो हसायचा.

शुक्रवारी ती कॉफी घेऊन आली आणि खुर्चीत बसलीच. आजाराचं नाव काढलं की तो घरात शिरतो अशी तिची समजूत, म्हणून मुलाच्या दुखण्याबद्दल इतके दिवस बोलली नव्हती. आता तिने सांगितलं. सकाळी योएलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नीट पार पडलं. तळमजल्यावरच्या सगळ्यांच्या फोनवर सुनेने कळवलं. तो देश सोडून गेला तेव्हा मायलेकरांचं भांडण झालं होतं. दोन वर्षं बोलणं नव्हतं. ऑपरेशनआधी आईने व्हिडिओ कॉल करावा म्हणून त्याने हे पैसे पाठवले होते. त्याच्या फोनवर ते मंगळवारीच पोहोचलेले दिसत होते. ऑपरेशनसाठी आत नेईपर्यंत त्याने फोन हातातून सोडला नाही. आईचा राग अजून गेलेला नाही, असंच त्याने धरलं.

एवेलियोने कार्ड घेतलं, साध्या दराचं, आणि तिच्या फोनवर रिचार्ज भरलं. नेरेइदाचा चेहरा उजळला.

"आलेच की रे शेवटी," असं म्हणत तिने फोन त्याच्यापुढे धरला. "आता तूच सांग त्याला. सुनेला माझं खरं वाटत नाही. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून नाटकं बघायचा तो, तुझा शब्द मानेल. पैसे आलेच नव्हते, एवढंच सांग."

तिने व्हॉइस मेसेजचं रेकॉर्डिंग सुरू केलं. एवेलियोने कप खाली ठेवला. तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.

"योएल, मी एवेलियो. पैसे मंगळवारीच आले होते, माझ्या फायद्यासाठी मी ते अडवून ठेवले. तुझी आई रोज जिना चढून विचारायला येत होती, आणि मी तिला नाही म्हणत होतो."