कृष्णाची नऊ नंबरची पावलं

मी इंजिनिअर झालो तो शांतावहिनींमुळे. गोठ्यातलं माझ्या वाटणीचं शेण त्यांनी काढलं, म्हणून मला गणितं सोडवायला वेळ मिळाला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा शेणातून वर आला आहे. (हे नम्रतेने म्हणत नाही. गोठा अजून आहे, कुणीही येऊन बघावा.)

पदवी घेऊन मी चेन्नईत एका कंत्राटदाराकडे लागलो. पहिली काही वर्षं साहेबांच्या डोक्यावर छत्री धरण्यात गेली. मग एक काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं: तांबरमजवळच्या एका गल्लीतला फुटपाथ. गल्ली माझीच निघाली! म्हणजे मी जिथे भाड्याने राहायचो ती. घरमालकीणबाई तंजावूरकडच्या मराठी काकू. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. त्यांचे यजमान गुडघ्यांमुळे आणि गल्लीतल्या खड्ड्यांमुळे घरातच अडकून पडले होते. "गुडघ्यांचं मी बघतो, खड्ड्यांचं तू बघ," असं काकांनी मला सांगून ठेवलं होतं. तपासणीत काम पास झालं, तर माझी नोकरी पक्की आणि काकांचा फेरफटका सुरू. नापास झालं, तर सगळं उखडायचं.

एवढं मोठं काम बघायला मी वहिनींना गावाहून बोलावून घेतलं. त्या आल्या त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. दुपार कलताना काकूंच्या दारासमोरचा शेवटचा तुकडा ओतून झाला. मेस्त्रीने थापी मारून तो असा सारखा केला की हात फिरवावासा वाटावा. मी दोरी बांधली आणि घरोघर जाऊन मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बजावलं, की उद्यापर्यंत यावर मांजरसुद्धा येता कामा नये. मांजर असलेल्या घरी दोनदा सांगितलं. काकूंना फाटकातून ये-जा करायला एक फळी आडवी टाकली. मेस्त्रीला घरी सोडलं आणि पूजेची फुलं आणायला कोपऱ्यावर गेलो.

इकडे अष्टमीच्या संध्याकाळी तांदळाच्या पिठाची कृष्णाची पावलं काढतात. कालवलेल्या पिठात मूठ बुडवून कडेने टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. दारापासून देवघरापर्यंत बाळकृष्ण दुडुदुडु चालत आल्यासारखा दिसतो. मी फुलं घेऊन वळलो आणि लांबून पाहिलं, तर काकू आणि वहिनी वाट्या घेऊन फाटकाशी वाकलेल्या. माझ्या ओल्या काँक्रीटवर पावलं! रस्त्यात खडीचा ढीग, ढिगाला टेकून रिक्षा. जवळची वाट एकच होती. मी माझीच दोरी ओलांडली आणि "थांबा, थांबा" करत धावलो.

वहिनींनी मान वर केली. "भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही आतल्या दगडी पायरीवर काढतोय. तुम्ही कशावर उभे आहात?"

मी खाली पाहिलं. मागे चार पावलं उमटली होती आणि पाचव्यात मी स्वतः होतो.

मेस्त्रीला फोन लागेना. (अष्टमी त्याच्याही घरी होती.) काकू धावत जाऊन डोशाची पळी घेऊन आल्या. फळीवर पालथा पडून मी एका ठशावर ती चालवू लागलो, आणि काकू वरून सूचना देऊ लागल्या, "अय्यो, मधून बाहेर रे, गोल गोल." तो ठसा खरोखरच गोल झाला. आता फुटपाथवर चार पावलं आणि एक डोसा होता. काकांनी खिडकीतून चटणीची चौकशी केली.

सकाळपर्यंत सगळं दगडासारखं झालं. तेव्हा काकूंनी युक्ती काढली: कालच अष्टमी झाली, देवाची पावलं म्हणून खपवू या. वहिनींनी ठशांत तांदळाचं पीठ भरलं, नीट ठिपके दिले. डोशाभोवती पाकळ्या काढून त्याचं कमळ केलं.

थोड्या वेळाने तपासणीला साहेब आले. उतार पाहिला, पट्टी लावली, मान डोलावत पुढे आले. पावलांपाशी त्यांनी बूट काढून हात जोडले, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. मग ते खाली वाकले.

"कृष्णाने चप्पल घातली होती का?"

मी माझे पाय हळूच फाटकाआड सरकवले.

"नऊ नंबरची," ते म्हणाले. "आणि घरात न शिरता हा पुढे कुठे निघाला होता?"

पुढे गल्लीच्या टोकाला एकच ठिकाण होतं, सरकारी दारूचं दुकान. देवाची अशी बदनामी मला बघवेना. मी पाय उचलून चपलेचा तळवा दाखवला. सिमेंट अजून चिकटलेलं होतं. खिडकीतून काका म्हणाले, "पोराला काय ती शिक्षा करा, साहेब, पण रस्ता उखडू नका. मला चालायचं आहे."

साहेब बराच वेळ हसले. तेवढा तुकडा काढून नवा घाला, बाकी काम चांगलं आहे, असं म्हणाले. मग मेस्त्रीला बाजूला घेऊन भरभर तमिळमध्ये काही बजावलं. ते माझ्याबद्दल होतं, एवढं कळलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी परत गेल्या. महिन्याभराने मी त्यांना पत्र टाकलं:

ती. सौ. शांतावहिनींस सा. न. वि. वि.

फुटपाथ पास झाला, नोकरी पक्की झाली. नवा तुकडा घालताना मेस्त्रीने मला चहाच्या दुकानात बसवून ठेवलं आणि चहावाल्याला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. शाळेची मुलं आता रस्ता सोडून फुटपाथवरून जातात. काका रोज संध्याकाळी काठी टेकत टोकापर्यंत जाऊन येतात. (टोकाला काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. काकू बरोबर असतात.) हे सारं तुम्ही काढलेल्या शेणावर उभं आहे, हे मी विसरलेलो नाही.

पुढच्या अष्टमीला नक्की या. आता सगळी गल्ली फुटपाथवरून चालते. मी तेवढा रस्त्याने जातो. वर पाऊल ठेवलं, की मांजरवाली आजी दारातून बोट नाचवते आणि माझ्याच मोडक्या तमिळमध्ये मला सांगते, "उद्या."

आपला,
दत्ता