बाहेर मांडलेली खुर्ची

रिठदच्या वाचनालयात एक शिस्त होती. ज्याच्या पगाराचा विषय निघेल, त्यानं बाहेर जायचं. ती लावली चिटणीस माणिकरावांनी. पगार एकट्या ग्रंथपाल देवमनलाच असल्यामुळे पाळायला कोणाला जड गेली नव्हती. देवमन दरसाल निमूट लिंबाखालच्या दगडावर जाऊन बसे आणि बोलावणं आलं की आत येऊन आपली किंमत ऐकून घेई.

चौऱ्याहत्तर साली सरकारी अनुदान वाढलं, तसा चिटणिसांच्या अंगी सेवाभाव दाटून आला. ठराव मांडला गेला : चिटणिसांना मानधन द्यावं आणि त्यासाठी ग्रंथपालाला अर्ध्या वेळेवर आणावं. अर्धा वेळ म्हणजे अर्धा पगार. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि लगेच देवमनला शाळेत घातलं, ते काही त्यानं पुन्हा लोकांच्या वावरात निंदायला जावं म्हणून नव्हे.

बैठकीला समितीच्या सातांपैकी माणिकराव धरून चौघं आले. उरलेले तिघं निवडून आल्यापासून फिरकले नव्हते. त्यांच्या गैरहजेरीवरच कारभार सुखात चाले. विषय निघताच देवमन उठला. जाताना त्यानं एक लोखंडी खुर्ची उचलली, लिंबाखाली मांडली आणि दारात परत आला.

"भाऊ, खुर्ची ठेवली बाहीर."

"कायले?" माणिकरावांनी विचारलं.

"विषय तुमचाबी निघून राह्यला ना."

माणिकरावांनी अध्यक्ष उकंडरावांकडे पाहिलं. वार्षिक सभेत हीच शिस्त भाषणातून वाखाणलेले उकंडराव पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता. शेवटी माणिकराव धोतर सावरत बाहेर आले.

दगडावर देवमन, खुर्चीवर चिटणीस. आतून आवाज येईना.

"लय येळ लावून राह्यले," माणिकराव पुटपुटले.

"मले दरसाली एवढाच वाटते, भाऊ."

मग गोजराबाई बाहेर आल्या. समितीत एक बाई दिसावी म्हणून त्यांना घेतलेलं. त्या ऐकत मात्र सगळं असत.

"बैठक मोडली, माणिकभाऊ. चौघांबिगर ठराव होत नाई, हे तुमीच सांगतलं होतं. आत आमी तिघं. अन् तुमाले आत घ्यावं, तं शिस्त मोडते."

देवमनचा पगार होता तिथंच राहिला. माणिकराव खुर्चीवरून उठेनात. तोवर पेपर वाचायला लोक जमू लागले होते आणि आत बसायला जागा कमी पडत होती. देवमन अदबीनं बाजूला उभा राहिला, खुर्ची मोकळी व्हायची वाट पाहत.