मिस्त्रीने काय मागितलं

मिस्त्रीला एक खोड होती. बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लहानपणी त्याने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं आणि वडिलांचा मार खाल्ला; मोठेपणी याच खोडीवर पोट भरलं. अडतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाला तरी लोकांसाठी तो मिस्त्रीच राहिला, आणि बायको गेल्यापासून दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

धर्मभगिनींच्या मठातली लिफ्ट तो फुकट सांभाळायचा. इमारत चार मजली, सिस्टर पाच, आणि त्यातल्या तिघींचे गुडघे कामातून गेलेले. एका दुपारी तो तळमजल्यावर फतकल मारून लिफ्टच्या दाराखालच्या खाचेतली धूळ काढत होता. तेवढ्यात बाहेर गेलेल्या तीन सिस्टर परत आल्या आणि समोरच्या बाकावर टेकल्या.

"आज काय मागितलंत?" मठाच्या प्रमुख, मोठ्या सिस्टरनी आतून येत विचारलं.

"मोजे रफू करायला शिकवा म्हटलं. आजींनी शिकवलं, पण दोनदा उसवायला लावलं."

"मी म्हटलं, मला झोप लागत नाही, तुम्ही काय करता? आजोबा म्हणाले, उशी उलटी करायची."

"मला काही मागायला सुचलंच नाही," तिसरी पडलेल्या आवाजात म्हणाली.

"मग परवा परत जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रीचा हात थांबला. या सिस्टर आजारी, एकट्या माणसांकडे जातात हे सगळ्यांनाच माहीत होतं. जातात म्हणजे काहीतरी द्यायला जातात, अशी त्याची समजूत. औषध म्हणा, फळं म्हणा, गेला बाजार एखादी प्रार्थना तरी! या बायका तर चक्क मागून येत होत्या.

दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी चांगल्या चालत्या लिफ्टला उगाच तेल घालायच्या निमित्ताने तो मठात गेला आणि मोठ्या सिस्टरना गाठलं.

"आमच्या संस्थापिकेचा नियम आहे तो," त्या म्हणाल्या. "एकट्या पडलेल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं, आणि आपल्याकडे खरोखर नाही असं काहीतरी त्याच्याकडे मागायचं. खोटं नाही मागायचं हं, ते लगेच कळतं."

"आजारी माणसाकडे मागायचं? हे उलटंच की हो!"

"त्यांना द्यायला सगळेच येतात, मिस्त्री. डॉक्टर गोळ्या देतात, मुलं सल्ले देतात. घ्यायला कुणी येत नाही. माणूस नुसता घेत राहिला की बसूनच राहतो. मागितलं की उठतो, कपाट उघडतो."

"खरंच उठतात?"

"बघा की येऊन."

सिस्टर पाच आणि दारं साठ, म्हणून मठाने प्रापंचिक माणसांनाही या कामात घ्यायला सुरुवात केली होती. त्यांना सोबती म्हणत. पत्रं वाटणारी एक बाई होती, बेकरीवाल्याची बायको होती. आपलं घरदार सांभाळून वर्षभर सिस्टरांच्या नियमाने चालायचं, एवढंच वचन द्यायचं. मिस्त्री दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसणारा माणूस. भक्तीपेक्षा आपल्याला कुतूहलच जास्त आहे, हे त्याने मोठ्या सिस्टरना आधीच सांगून टाकलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "आमच्यातल्या निम्म्या तशाच आल्या."

त्याच्या वाट्याला आल्या ऑपरेटरबाई. टेलिफोन ऑफिसात अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते. न्हाणीघरात पडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. हाड केव्हाच जुळलं होतं, डॉक्टर चाला म्हणत होते, पण बाई काही उठत नव्हत्या. महिनाअखेरपर्यंत चालल्या नाहीत तर भाचा त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार होता. तिथे गेलेलं माणूस घरी परतत नाही, हे बाईंनाही कळत होतं.

पहिल्या दिवशी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन गेला. सवयच ती! दाराची बिजागरी घट्ट केली, गळका नळ बदलला, खुर्चीच्या चाकाचं कुरकुरणं बंद केलं. मठात येऊन ऐटीत सांगितलं, "तीन कामं उरकली."

"आणि मागितलं काय?"

"मला काही लागतच नाही हो. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही मी."

दुसऱ्या आठवड्यात त्याने खिडकीची कडी बसवली, तिसऱ्यात दिव्याचं बटण. बाई दर वेळी आभार मानायच्या आणि दर वेळी थोडं कमी बोलायच्या. चौथ्या आठवड्यात दार उघडलंच नाही.

"आज काय मोडलंय ते शोधायला आलात?" आतून आवाज आला. "या घरात मोडलेली आता मीच तेवढी उरलेय. माझ्या मापाचा पाना आहे का पेटीत? नसेल तर जा."

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला. तीन जिने उतरेपर्यंत तो बाईंवर चिडला होता. रस्त्यावर आल्यावर कुणावर चिडायचं ते कळेना. माझ्याकडे काय नाही? चालता चालता त्याने आठवून पाहिलं. भांडी होती, रेडिओ होता, हातपाय धड होते. आणि मग ताई आठवली.

बायको सात महिने अंथरुणावर होती. स्वयंपाक, धुणं, रात्रीची जाग्रणं, सगळं त्याने एकट्याने रेटलं. थोरली बहीण फोन करायची तेव्हा "आमचं ठीक चाललंय" एवढंच सांगायचा. शेवटी तिला कळलं ते एकदम मातीला या म्हणूनच. दफनभूमीच्या फाटकाशी ती म्हणाली, "एकदा तरी मला ये म्हणायचं होतंस." आणि गेली. त्याला तीन वर्षं झाली. आपण काय चुकीचं वागलो, असं इतके दिवस तो घोकत आला होता. खरं म्हणजे त्याला ताईची फार आठवण येत होती, आणि हे त्याने स्वतःशीसुद्धा आजवर कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेटी न घेता गेला.

"पाना आणलात?"

"नाही. मागायला आलोय."

आत चाकं सरकली आणि दार वीतभर उघडलं. मिस्त्रीने उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि विचारलं, "तुम्ही इतक्या लोकांचे फोन जोडलेत. तीन वर्षांनी बोलायचं तर माणसं सुरुवात कशी करतात?"

"आम्हाला ऐकायची परवानगी नव्हती," बाई ताठ्याने म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पण पहिलं वाक्य कानावर पडायचंच. लागला की नाही ते बघावं लागायचं ना."

"मग?"

"तब्येतपाणी विचारणाऱ्यांचे फोन मिनिटात संपायचे. खुलासे करणाऱ्यांची नव्याने भांडणं व्हायची."

"आणि ज्यांचं जमायचं ते?"

"ते आधी काय हवंय ते सांगायचे." बाईंनी दार पूर्ण उघडलं. "नंबर पाठ आहे?"

मिस्त्रीने खिशातून मोबाइल काढला.

"ठेवा तो आत. माझ्या घरातून लागणारा फोन मी जोडणार."

बाईंचा फोन पलीकडच्या भिंतीवर होता, उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. खुर्चीतून हात पोचणं शक्य नव्हतं. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मिस्त्री चटकन पुढे झाला.

"हात लावायचा नाही! मागायला आलात ना? मग थांबा."

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. बाई उठल्या. पाय लटपटले, एकदा परत बसल्या, पुन्हा उठल्या. टेबलाला धरून, मग भिंतीला धरून, पाच पावलं. तेवढ्यात मिस्त्रीला घाम फुटला. बाईंनी दम घेतला, त्याने सांगितलेला नंबर फिरवला आणि कमरेत ताठ झाल्या. आवाज तर साफ वेगळाच निघाला.

"नमस्कार. आपल्यासाठी फोन आहे. कृपया थांबा, जोडून देते."

त्यांनी रिसीव्हर मिस्त्रीच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" ताईचा आवाज म्हातारा झाला होता. तीन वर्षं घोकलेले सगळे खुलासे मिस्त्रीच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले.

"ताई, मी. तू ये."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन तुटला असं वाटून तो आणखी काही बोलणार, तोच बाईंनी बोट वर केलं: गप्प, चालू आहे. भिंतीला धरून त्या अजून उभ्याच होत्या. मिस्त्री गप्प राहिला.

मग ताईने नाक ओढलं आणि विचारलं, "घर तेच आहे ना रे?"