अभिमानाचा परिच्छेद

वकिलांच्या त्या ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कोर्टात जाणारा प्रत्येक कागद आधी तिच्या टेबलावर यायचा. ती स्वतः वकील. उभं राहून तावातावाने बोलणं तिला कधी जमलं नाही, पण लिहायला बसली की समोरच्या पक्षाची पळता भुई थोडी व्हायची.

ऑफिसची एक रीत होती. कागद कोर्टात द्यायच्या आधी दोघांनी बसून तो मोठ्याने वाचायचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवत ऐकायचं. वाचायचे थोरले साहेब, ऐकायची ही. मध्ये ठेवलेला चहा निवून जायचा, त्यावर साय धरायची, तरी दोघं उठत नसत. हे काम तिला साहेबांनीच शिकवलेलं. तिला ते बापाच्या जागी होते.

मग साहेबांचा भाचा भागीदार झाला आणि ऑफिसात एआय आलं. आता एआय आलं म्हणून ही रुसून बसली असं कुणाला वाटेल, तर उगाच तिच्यावर आळ नको. त्या एआयला तिचेच जुने मसुदे खाऊ घालायचं काम तिला दिलं आणि तिने ते मन लावून केलं. ते भराभर लिहायचं आणि बऱ्याचदा चांगलंही लिहायचं. एक खोड मात्र तिच्या ध्यानात आली. समोरच्याच्या दाव्याला उत्तर लिहायला सांगितलं, की आरोप ते एकूण एक नाकारायचं. पण मध्येच कुठे आपल्या अशिलाचं कौतुक आलं, की स्वारी खूश. त्या कौतुकाला चिकटून आलेलं सगळं ते मान्य करून मोकळं व्हायचं. आणि वकिलीत असं आहे, की उत्तरात एकदा मान्य केलेली गोष्ट समोरच्याला सिद्ध करावी लागत नाही. कबुली ती कबुली.

तिने हे भाच्याला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "ताई, कौतुक कोण नाकारतं हो?" वर त्याने मोठ्याने वाचायची रीतही बंद केली. वेळ फुकट जातो म्हणे.

व्हायचं तेच झालं. भाच्याने एक अर्ज एआयकडून लिहून घेतला, हिला न दाखवता परस्पर कोर्टात दिला, आणि त्यात दाखला म्हणून दिलेले असे निवाडे निघाले जे जगातल्या कुठल्याही कोर्टाने कधी दिले नव्हते. न्यायाधीश भडकले. ऑफिसने लेखी खुलासा दिला: अर्ज या बाईंनी केला, निवाडे त्यांनीच घातले, आम्ही त्यांना कामावरून काढलं आहे. खाली सही थोरल्या साहेबांची.

ती सही तिच्या जिव्हारी लागली. पुढे तिला कुणी काम देईना. ओळखीचे वकील कोर्टाच्या जिन्यात दिसले, की मोबाइल कानाला लावून दुसरीकडे वळत. फोन आलेला नसतानाही, बरं का. खोट्या निवाड्यांची बाई, एवढीच तिची ओळख उरली.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. माणूस थंड डोक्याचा. काचा पुसता पुसता तो म्हणाला, "जाऊ दे ग. लोक विसरतील."

"मी नाही विसरणार," ती म्हणाली. "कोर्टात त्यांनी लिहून दिलंय, मी खोटे निवाडे घातले म्हणून. आता त्यांनीच कोर्टात लिहून द्यायचं, मी नाही घातले. मला दुसरं काही नको."

"आणि ते देतील लिहून?"

"मला कशाला देतील? त्यांचं एआय देईल."

नवऱ्याने चष्मा खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो जरा घाबरलाच.

तिने बदनामीचा दावा लिहिला. लिहिताना इतकी खूश ती किती तरी दिवसांत नव्हती. आधीच्या परिच्छेदांमध्ये आरोपांचा पाऊस पाडला, एआयला नाकारायला भरपूर खाद्य मिळावं म्हणून. मग मधोमध एक परिच्छेद असा गोड लिहिला, की दुसऱ्या कुणाच्या गळ्याखाली उतरला नसता. प्रतिवादींचं ऑफिस अत्यंत पुढारलेलं आणि नावाजलेलं आहे. त्यांचा एआयवर इतका विश्वास आहे, की वादग्रस्त अर्जसुद्धा त्यांनी वादीला मुळीच न दाखवता एआयकडून करून घेतला, आणि धाकट्या भागीदारांनी तो जातीने मंजूर केला. या धडाडीबद्दल त्यांचा सर्वत्र लौकिक आहे.

ऑफिसचं उत्तर आलं. तिने तो परिच्छेद शोधला, वाचला, आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच पोट धरून हसली.

सुनावणीला साहेब स्वतः उभे राहिले, भाचा शेजारी. न्यायाधीश बाई पानं उलटत एका जागी थांबल्या. "हे तुमचंच उत्तर आहे ना?" त्यांनी वाचून दाखवलं. "या परिच्छेदातील मजकूर खरा असून प्रतिवादींना त्याचा सार्थ अभिमान आहे."

मागच्या बाकांवर कुणी तरी फिसकन हसलं. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश वाचला. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हिने मान जराही वळवली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं पाहून घेतलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू. इतके दिवस दातओठ खाऊन काढले होते, ते सगळे वसूल झाले.

"नजरचूक आहे," भाचा घाईघाईने म्हणाला. "आम्ही दुरुस्तीचा अर्ज करतो."

दुरुस्ती मिळालीही असती आणि कबुली पुसली गेली असती. हे तिला ठाऊक होतं, आणि आता तिने मान वळवून साहेबांकडे पाहिलं.

"दुरुस्ती नको," साहेब म्हणाले. "मजकूर खरा आहे. अर्ज या वादी बाईंनी पाहिलासुद्धा नव्हता."

न्यायाधीशांनी ते शब्द लिहून घेतले. खोट्या निवाड्यांचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला.

बाहेर व्हरांड्यात साहेब काठी टेकत तिच्यामागे आले. "फसवलंस छान," ते म्हणाले. आवाजात कौतुकच होतं. "आता राग सोड. परत ये ऑफिसात. त्या पोराला मी सांगतो काय सांगायचं ते."

"त्याच्यावर माझा राग नाही, साहेब. त्याला वाचताच येत नाही, त्याच्यावर काय रागवायचं? तुम्हाला येतं. त्या खुलाशावर सही करताना तुम्ही तो वाचला होता."

साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बहिणीचा मुलगा आहे ग. मी काय करणार होतो?"

"आज केलंत तेच."

ती जिना उतरायला लागली. साहेब कठड्याला धरून तिथेच उभे होते. आपल्याला त्यांची दया येईल असं तिला वाटलं होतं. शेवटच्या पायरीपर्यंत तिने वाट पाहिली, पण दया काही आली नाही.