गाडी लंब हाय

मोहटोल्याच्या गोकुळाबाईला छोट्या लाइनीचा इतिहास विचारला, तर ती इंग्रजांपासून सुरुवात करत नसे, स्वतःच्या लग्नापासून करत असे. तिच्या मते ती त्या गाडीतून नवरी म्हणून उतरली तेव्हा खरी गाडी सुरू झाली. त्याआधी नुसते डबे हिंडत होते. नागपूर ते नागभीड ही अरुंद रुळांची लाइन तशी शंभर वर्षांहून जुनी. गाडी इतकी सावकाश चाले की खिडकीतल्या पाहुण्याशी सायकलवाला गप्पा मारत बरोबर जाई, असं लोक सांगत, आणि त्यात थाप फारशी नव्हती. फाटक आलं की रस्त्याने थांबायचं सोडून गाडीच थांबे. गाडीतला माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की उघडी आणि धावत येऊन पुन्हा चढे. एसटीने 'हात दाखवा, बस थांबवा' अशी पाटी लावली तेव्हा मोहटोल्यातली माणसं हसली होती. त्यांची तर रेल्वेही हात दाखवला की थांबायची.

गोकुळाबाई आणि तिचा नवरा घनश्याम जातीचे ढिवर. गावच्या तलावात हिवाळाभर शिंगाडे, बाकी वर्षभर मासोळ्या. घनश्याम पाण्यात उतरायचा, गोकुळा काठावर बसून शिंगाडे उकडायची, आणि सकाळच्या गाडीने दोघं टोपल्या घेऊन नागभीडच्या बाजारात. डब्यात त्यांची जागा ठरलेली. शाळेतले गुरुजी, दवाखान्यातली नर्सबाई, कचेरीतला शिपाई, सगळे रोजचेच. कोणाची पोरगी कुठे दिली, कोणाच्या सासूचं काय दुखतं, हे त्या डब्याला घरच्यांच्या आधी कळे. घनश्यामला मात्र काही कळत नसे, कारण त्याला ऐकू येत नसे. जन्मभर पाण्यात बुड्या मारून त्याचे कान गेले होते. कोणी काही बोललं की तो बोलणाऱ्याकडे बघायचाच नाही, सरळ बायकोकडे बघायचा. गोकुळा वाटीभर बोलणं चमचाभर करून त्याच्या कानाशी सांगायची. बोलणं मोठं आणि सांगणं लहान, म्हणून डब्यातले लोक तिची चेष्टा करत. "भाऊ, थे अर्धं सोताजवळच ठेवते," असं कोणी म्हणालं, तर तेही घनश्यामला गोकुळाच सांगायची. मग तो हसायचा.

कोरोना आला त्याच्या आदल्या हिवाळ्यात छोटी लाइन बंद झाली. मोठी येणार म्हणून पेढे वाटले गेले. मोठी येईपर्यंत माणसांनी काय करायचं, हे पेढे वाटणाऱ्यांनी सांगितलं नाही. गाव आणि डांबरी सडक यांच्यामध्ये मातीचा उंच बांध पडला, त्यावर नवी खडी, नवे रूळ. बाजाराला जायचं तर बांध चढायचा, रूळ ओलांडायचे आणि सडकेवर काळीपिवळी धरायची. टोपल्यांतून पाणी गळतं म्हणून ड्रायव्हर तोंड वाकडं करायचा. घनश्यामने त्यावर तोड काढली: टोपल्या सायकलला बांधायच्या आणि नागभीडपर्यंत पायी ढकलत न्यायच्या.

कामाच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा ठेकेदाराने बांधावर एक झेंडीवाला उभा केला. सुरेंद्र त्याचं नाव, बिहारातला, पन्नाशीला आलेला. त्याची सगळी मराठी म्हणजे 'जेवला का'. तो गोकुळाला चाची म्हणायचा, वयाने जवळपास तिच्याएवढाच असूनही. ती त्याला उकडलेले शिंगाडे द्यायची. लाल झेंडी तो दिवसभर हातात धरूनच असे, म्हणून झेंडीकडे कोणी बघत नसे. बघायचं सुरेंद्रच्या तोंडाकडे.

त्या सकाळी धुकं होतं. घनश्याम सायकल घेऊन बांधाच्या पायथ्याशी, गोकुळा डोक्यावर टोपली घेऊन मागे, सुरेंद्र रुळांच्या पलीकडे. दूर भोंगा वाजला. सुरेंद्र धुक्यातून काहीतरी ओरडला. घनश्यामला त्याचं तोंड हललेलं तेवढं दिसलं. घनश्यामने मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"काय म्हनते थो?"

"लंब हाय म्हनते."

इकडे लंब म्हणजे दूर. नागपूर लंब, मुंबई लय लंब. छोट्या गाडीच्या दिवसांत भोंगा ऐकू आल्यावर माणूस घरी जाऊन विसरलेली पिशवी घेऊन येई, इतका वेळ असे. घनश्यामने सायकल बांधावर चढवली. नव्या सैल खडीत पुढचं चाक रुतलं. टोपल्यांसकट सायकल सोडून द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

तेव्हापासून गोकुळाबाईला काही वाटेनासं झालं. पूस महिन्याच्या थंडीत तलावात उभं राहिलं की पाय बधिर होतात, शिंगाड्याचा काटा रुततो आणि काठावर आल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. तसं तिचं झालं होतं, फक्त काठ येत नव्हता. बाया म्हणाल्या, "रडून घे बाई, मन मोकळं होते." तिने रडण्याचा प्रयत्नही करून पाहिला, नाही जमलं. चहा दिला की ती पीत होती, ताट वाढलं की जेवत होती. बांधावर साखळी आली, पाटी आली, दोन माणसं वाढली. बैल गेला आणि झोपा केला, म्हणून गाव चिडलं. ती चिडलीही नाही.

गाव मात्र एका गोष्टीवर ठाम होतं. गाडी जवळ आलेली असताना झेंडीवाल्याने दूर आहे म्हणून सांगितलं आणि माणूस मारला. गोकुळाबाईनेच त्या दिवशी हे सांगितलं होतं, आणि तिच्याशिवाय जवळ कोणी नव्हतं. सुरेंद्रचं काम थांबलं. चौकशी होईपर्यंत त्याने मजुरांच्या छपरातून हलायचं नाही, असा हुकूम झाला. तिच्या साक्षीवर त्याचं पुढचं सगळं अवलंबून होतं, तुरुंगसुद्धा. मुलगा सोनू नागपूरहून आला होता, कंपनीत कामाला होता तो. तेरवी झाल्यावर तो आईजवळ बसला.

"माय, साहेबापुढं जास्त बोलू नोको. लंब हाय म्हनला, इतकंच सांगजो. बाबा फुकट नाई गेला पायजे."

"बरं," ती म्हणाली. सांगायचं तेवढंच होतं आणि ते खरंही होतं.

जुन्या स्टेशनाच्या पडक्या खोलीसमोर ग्रामपंचायतीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चौकशीचे साहेब साताऱ्याकडचे, शांत माणूस. गावचे पोलीस पाटील बापूराव त्यांच्या शेजारी बसले. सुरेंद्र समोर हात जोडून उभा. त्याची दाढी वाढली होती आणि त्याने गोकुळाबाईकडे एकदाच पाहिलं.

"बाई, गाडी येत असताना यांनी तुमच्या यजमानांना काय सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"लंब हाय म्हून सांगतलं."

"लंब?" साहेबांचं पेन थांबलं.

"लंब म्हंजे दूर, साहेब," बापूराव म्हणाले. "आमच्या इकडची बोली हाय."

साहेब लिहू लागले. तेवढ्यात सुरेंद्र पुढे आला.

"दूर? दूर हम कब बोले साहब? हम बोले, चाची, लंबी है. लंबी गाड़ी है." त्याने दोन्ही हात ताणून दाखवले. "उस दिन पहली बार पूरी गाड़ी आई थी. इतने डब्बे थे. हम तो बोले कि लंबी है, मतलब टाइम लगेगा, बैठो."

लोक कुजबुजले. आता बरं सुचलं याला, असं कोणीतरी म्हणालं. सोनू उठून उभा राहिला, बापूरावांनी त्याला हाताने खाली बसवलं.

गोकुळाबाईला धुक्यातली ती हाक पुन्हा ऐकू आली. चाची, लंबी है. शब्द तसाच होता. तिने तो उचलला, लंबीचा लंब केला आणि नवऱ्याच्या कानाशी नेऊन ठेवला, जन्मभर ठेवत आली तसा. इतक्या दिवसांनी तिला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. गप्प बसणं सोपं होतं. लंब हाय हे तिचं बोलणं लिहून झालं होतं, गाव तिच्या बाजूचं होतं, मुलगा तिच्या बाजूचा होता. परक्या मुलखातल्या माणसाच्या शब्दाला इथे कोण विचारतो? सुरेंद्र तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. तिला त्याचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "थे खोडा."

"काय खोडू?"

"लंब हाय लिवलं ना, थे. लंबी म्हनला थो. खरं सांगून राह्यला."

"माय, चूप बस," सोनू ओरडला. "तुले काई समजून नाई राह्यलं. त्यानंच सांगतलं, तवाच बाबा चढला ना वर?"

गोकुळाबाई मुलाकडे वळली. तिचा आवाज नेहमीचाच होता, बाजारात भाव सांगायचा तो.

"तुह्या बापाले त्याचं आयकू कुठी आलं सोनू? तुह्या बापानं माहं आयकलं."