मांजरीसाठी स्थळ

शेल्टरमधून मांजर घरी आली ती यांच्या मनाविरुद्ध. कुण्या मोटरसायकलवाल्यानं तिचा मागचा पाय मोडला होता. डॉक्टरांनी आत सळई बसवली होती आणि पाय जुळेपर्यंत तिला शांत घर हवं होतं. मी हो म्हणून बसले. यांना दमा आहे, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मांजर पिंजऱ्यात, पिंजरा गॅलरीत आणि हे पुढच्या खोलीत झोपणार, असा माझा हिशेब होता.

"पाय बरा झाला की लगेच परत. अन् नाव द्यायचं नाय तिला. नाव दिलं की माणूस गुंततं," यांनी बजावलं.

पाय जुळला, चाल मात्र तिरकीच राहिली. तोवर यांचा खोकला इतका वाढला की पंप खिशातून खाली ठेवता येईना. छातीचे डॉक्टर म्हणाले, घरात एक तर मांजर ठेवा नाहीतर फुप्फुसं. शेल्टरमध्ये जागा नव्हती. घर मिळालं नाही तर ती पुन्हा तिथल्या पिंजऱ्यात जाणार होती, आणि लंगडी मांजर तिथून सहसा कुणी नेत नाही.

शेल्टरच्या मुलीनं फोटो टाकल्यावर विचारणा येऊ लागल्या आणि यांनी सूत्रं हातात घेतली. आम्हाला दोन्ही मुलगेच. लेकीसाठी स्थळं बघायची हौस राहून गेली होती.

पहिलं स्थळ देवगाव रंगारीचं. घरी शेती, धान्यात उंदीर झालेले. पाहुणे येताना तिला न्यायला पोतंच घेऊन आले होते. यांनी त्यांना चहा पाजला आणि "आम्हाला पोरगी कामाला नाय लावायची" असं सांगून वाटेला लावलं.

दुसरं चितेगावचं, नवरा-बायको दोघं कंपनीत. मुलगी देताना आमच्याकडे शेजारीपाजारी चौकशी करतात, तशी हे स्कूटरवर जाऊन तिथल्या किराणा दुकानात करून आले. पोरगा कसा आहे, घरचे कसे आहेत, सगळं विचारलं. दुकानदार म्हणाला, "पोरगं लई चांगलं हाय, काका. पण त्याचं लगीन झालंय की." तेही स्थळ गेलं. कारण दिवसभर घराला कुलूप.

तिसऱ्या, उस्मानपुऱ्यातल्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाई. तळमजल्यावरचं घर, जिना नाही. मांजर घेऊन आम्हीच गेलो. यांनी वाटेत प्रश्नांची उजळणी केली होती, पण चौकशी बाईंनीच सुरू केली.

"खाती क्या?"

"उकडलेलं चिकन."

"डरती किससे?"

"मिक्सरला."

"रातकू सोती कां?"

"माझ्या उशाशी," हे म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे मी आत झोपले की हा माणूस पिंजऱ्याची कडी काढत होता. दम्याचा पेशंट मांजर तोंडाशी घेऊन झोपत होता आणि मी सकाळी उठून त्याला आल्याचा काढा पाजत होते. मला भयंकर राग आला. तिथंच झापलं असतं, पण बाई मध्येच म्हणाल्या, "इत्ता लाड है, तो देरे कायकू?"

यांनी खिशातला पंप चाचपला. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"दमा आहे यांना," मी म्हणाले.

मांजर शिलाई मशीनखाली कापडांच्या चिंध्यांत जाऊन बसली होती. यांनी घरभर नजर फिरवली. पंखा पाहिला, खिडकी पाहिली, मोरीपर्यंत जाऊन आले. मला कळत होतं, हे खोट शोधत होते. मनातून मलाही वाटत होतं, एखादी सापडावी. सापडली नाही.

"रस्त्याकडचं दार लावून घेत जा," एवढंच म्हणाले.

"जी भाई. फिकर नक्को करो."

मांजरीला हात न लावताच हे चपला घालायला लागले.

महिन्याभरानं यांना छातीच्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पुढून-मागून तपासलं आणि खूश झाले. छाती एकदम मोकळी. अशीच काळजी घ्या, म्हणाले.

"आता कसं वाटतंय?"

"चांगलं वाटतंय," हे म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

डॉक्टरांनी घाईघाईनं पुन्हा स्टेथोस्कोप लावला.